विश्लेषण : संसदेचा अर्थकारभार गडचिरोली-चंद्रपूरच्या मतदाराने कसा जोखायचा?

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७० टक्क्यांहून अधिक मतदान झाले. मतदान झाले की पाच वर्षे वाट पाहायची, एवढेच मतदाराच्या हाती उरते का? संसदेने आर्थिक धोरण कसे हाताळले, हे तपासण्याचे काही सोपे निकष या दोन जिल्ह्यांच्या अनुभवातूनच मिळतात.

बांबूचे उदाहरण महत्त्वाचे का?

भारतीय वन कायदा, १९२७ मध्ये ‘झाड’ या व्याख्येत बांबू होता. संसदेने १९९६ मध्ये पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी दिली, पण गौण वनोपज म्हणजे काय, हे त्यात सांगितले नाही. ती व्याख्या २००६ च्या वनहक्क कायद्यात आली आणि त्यात बांबू व तेंदूपाने स्पष्टपणे नमूद झाली. तरीही १९२७ च्या कायद्यातील व्याख्या तशीच राहिली. एकाच बांबूला एक कायदा ‘झाड’ म्हणत होता, तर दुसरा ‘गौण वनोपज’.

त्याचा फटका कोणाला बसला?

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. मात्र बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो वनखात्याच्या हाती. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २७ एप्रिल २०११ रोजी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेकडे सोपवले, तेव्हा विक्रीचा मार्ग मोकळा झाला. १९२७ च्या कायद्यातील ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. ही दुरुस्तीही वनक्षेत्राबाहेरील बांबूला दिलासा देण्यासाठी होती. म्हणून पहिला निकष असा : संसदेने हक्क दिला, पण त्याच्या आड येणारे जुने कलम वेळेत बदलले का?

समितीकडे विधेयक गेल्याने काय फरक पडतो?

वनहक्क विधेयक डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेत मांडले गेले. मूळ मसुद्यात फक्त अनुसूचित जमातींचा विचार होता आणि ताब्यासाठी २५ ऑक्टोबर १९८० ही तारीख होती. संयुक्त संसदीय समितीच्या शिफारशींनंतर इतर पारंपरिक वननिवासींचा समावेश झाला आणि तारीख १३ डिसेंबर २००५ झाली. याउलट वनसंवर्धन कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीचे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तरी समितीने एकही बदल सुचवला नाही. काही सदस्यांनी असहमती नोंदवली, पण विधेयक जसेच्या तसे मंजूर झाले. दुसरा निकष : समितीत विधेयक बदलले की नुसता शिक्का बसला?

खाणीच्या पैशाचे काय?

कोळसा, चुनखडी आणि लोहखनिज ही या दोन जिल्ह्यांची संपत्ती आहे. खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या ३० टक्के, तर त्यानंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के रक्कम प्रतिष्ठानकडे येते. ती खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणासाठी आहे. प्रतिष्ठानच्या नियामक परिषदेत २०२१ पासून खासदारांचाही समावेश झाला. तिसरा निकष : निधी खाणीलगतच्या गावात पोहोचला की जिल्ह्याच्या मुख्यालयातच खर्च झाला, हे आपल्या खासदाराने कधी विचारले का?

अर्थसंकल्पावर चर्चा होते का?

नेहमी पुरेशी होत नाही. मुदत संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मंजूर केल्या जातात, याला ‘गिलोटिन’ म्हणतात. गदारोळामुळे २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सर्वच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. एकूण अर्थसंकल्प सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा होता. त्यात आदिवासी विकासाच्या आणि कोळशाच्या मागण्याही होत्या. चौथा निकष : आपल्या जिल्ह्याशी संबंधित मागण्यांवर किती तास बोलले गेले?

मतदाराने नेमके काय करावे?

खासदाराची हजेरी हा सर्वात सोपा, पण सर्वात कच्चा आकडा आहे. सभागृहात बसणे आणि प्रश्न लावून धरणे यात अंतर आहे. संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरे, भाषणे आणि समित्यांचे अहवाल मोफत मिळतात. ग्रामसभेने वर्षातून एकदा त्यातील वनहक्क, खाण आणि रोजगार हमीबाबतची प्रश्नोत्तरे छापून वाचली, तर खासदार गावात आल्यावर विचारायचे प्रश्न हाती असतील.

‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढा (लेखा)ची घोषणा प्रसिद्ध आहे. तिच्या उत्तरार्धाची चर्चा खूप झाली. पूर्वार्धातला ‘आमचे’ हा शब्द खरा ठरवायचा, तर दिल्लीतल्या कामाचा हिशेबही गावानेच मागायला हवा.