पाणी मारण्याआधी वारा बघा

नोव्हेंबर 2025 मध्ये वसई पश्चिमेच्या दिवाणमान भागात, पाण्याच्या टाकीजवळ वर्षानुवर्षं वापराविना पडून असलेल्या क्लोरीनच्या सिलिंडरमधून गळती झाली. एक जण दगावला. ज्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, त्यांत मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. किनाऱ्यावरच्या आमच्या भुईगावाहून ही जागा काही किलोमीटरवर आहे. तरीही आमच्या पश्चिम पट्ट्यात कुणाला विचारा, उत्तर ठरलेलं: केमिकलचा धोका बोईसर-तारापूरला, इथे फार तर डास आणि खारं पाणी.

या समजापासूनच सुरुवात करायला हवी. विषारी वायू फक्त कारखान्यात असतो, हे खरं नाही. पाणी निर्जंतुक करायला क्लोरीन लागतो, म्हणून तो जलकुंभाशेजारच्या खोलीत असतो, पोहण्याच्या तलावाजवळ असू शकतो. पाचूबंदर, अर्नाळ्यासारख्या मासेमारी बंदरांना बर्फ लागतो आणि बर्फाच्या कारखान्याची यंत्रं बहुतेक अमोनियावर चालतात. घातक रसायनांच्या साठ्याबाबतचे 1989 चे केंद्रीय नियम मोठ्या साठ्यांसाठी आपत्कालीन आराखडे मागतात. त्यांत क्लोरीनसाठी पहिली मर्यादाच 10 टनांची आहे. टाकीच्या खोलीतला 100 किलोचा सिलिंडर त्या हिशेबात कुठे बसणार? कारखान्यात निदान सुरक्षा अधिकारी असतो, भोंगा असतो, सराव होतो. टाकीवर एक वॉचमन असतो, आणि त्यालाही कोपऱ्यात काय पडलंय ते ठाऊक असेलच असं नाही.

'जुना आहे, रिकामा आहे, आता त्यात काय उरलंय?' हा दुसरा समज. 14 जुलै 2010 रोजी शिवडीच्या हाजी बंदरात, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गोदामात असेच बेवारस क्लोरीन सिलिंडर 1997 पासून पडून होते. त्यांतल्या एकाने दगा दिला आणि शंभरावर लोकांना त्रास झाला, जवानांनाही. 'रिकाम्या' सिलिंडरमध्येही थोडा वायू उरतोच. कोरडा क्लोरीन पोलादाला फारसं काही करत नाही; पण त्याला ओलावा मिळाला की आम्ल तयार होतं आणि धातू खाल्ला जातो. समुद्रकाठच्या हवेत खिडकीचे गज कसे झडतात ते भुईगावकरांना सांगायला नको. क्लोरीनच्या सिलिंडरचा ठरलेला रंग सोनेरी पिवळा, पण दहा-पंधरा पावसाळ्यांनंतर तो गंजाच्या रंगाचाच दिसतो आणि लोक त्याला भंगार समजतात. सिलिंडरची ठरावीक मुदतीने दाबचाचणी करावी लागते, तिची तारीख धातूवरच ठोकलेली असते. हे नियम पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय नागपुरात, म्हणजे आपल्याच राज्यात आहे. तरी सिलिंडर सापडतात ते गळायला लागल्यावरच.

आता सगळ्यात चिवट गैरसमज: 'पाणी मारा, सगळं शांत होईल.'

आगीशी झुंजणाऱ्या माणसाचा हात आपोआप होजकडे जातो. गॅसची टाकी आगीत सापडली तर पाणी मारून ती थंड ठेवतातच, आणि ते बरोबरही आहे. क्लोरीनची गळती मात्र वेगळी. सिलिंडरमध्ये क्लोरीन दाबाखाली द्रवरूपात असतो आणि बाहेर तो उणे 34 अंशांनाच उकळतो. गळती सुरू झाली की आतला द्रव उकळून वायू होतो, त्यासाठीची उष्णता तो स्वतःतून आणि सिलिंडरच्या धातूतून ओढतो. सिलिंडर गार पडत जातो, बाहेर पांढरं दहिवर जमतं, आतला दाब उतरतो आणि गळती आपोआप मंदावते. म्हणजे ते दहिवर आपल्या बाजूचं आहे. त्यावर आपल्याकडचं कोमट पाणी ओतलं की सिलिंडरला ऊब मिळते, दाब चढतो आणि गळती पुन्हा जोर धरते. शिवाय क्लोरीन आणि पाणी मिळून आम्ल बनतं, ते भोकाच्या कडा कुरतडतं. सकाळी टाचणीएवढं असलेलं छिद्र संध्याकाळी पेन्सिलीएवढं होऊ शकतं. म्हणून पाणी गळतीच्या जागेवर मारायचं नाही. पसरत चाललेल्या ढगाची दिशा वळवायला दूर, वाऱ्याच्या पुढच्या अंगाला फवाऱ्याचा पडदा उभारता येतो. त्यातही क्लोरीन पाण्यात फार विरघळत नाही हे धरूनच चालायचं.

'मग ढकलून द्या बावखळात' असंही सुचवणारे भेटतात. बावखळ म्हणजे वसईच्या बागायतीचं गोडं पाणी. त्यात गळका सिलिंडर टाकला तर वरचे सगळे तोटे मिळतातच, वर मासे मरतात, पाणी जातं आणि सिलिंडर पूर्ण बुडेल याची खात्रीही नसते.

करायचं काय, ते ऐकायला साधं आणि करायला अवघड आहे. पूर्ण साधनानिशी दोघे जण आत जातात. तिसरी जोडी नसली तरी चालेल, पण दुसरी, तितकीच सज्ज, बाहेर उभी हवी. नेमकी जागा सापडत नसेल तर काठीच्या टोकाला अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला बोळा बांधून व्हॉल्व्हभोवती फिरवतात. जिथे पांढरा धूर उठतो तिथे गळती. कित्येकदा ती व्हॉल्व्हच्या दांड्याशी असते आणि पान्याने नट आवळला की थांबते. भोकातून द्रव येत असेल तर सिलिंडर असा वळवायचा की भोक वरच्या अंगाला येईल. त्याच छिद्रातून द्रवाऐवजी वायू बाहेर पडला तर निघणारा क्लोरीन साधारण पंधरा पटींनी कमी होतो. निव्वळ सिलिंडर फिरवून एवढा फरक! या एका हालचालीचा सराव प्रत्येक केंद्रात व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे, कारण त्याला पैसे लागत नाहीत. त्यानंतर व्हॉल्व्हवर घट्ट बसणारी टोपी आणि क्लॅम्प. सिलिंडरसाठीचा संच वेगळा, टनभराच्या टोनरसाठीचा वेगळा. तेही जमलं नाही तर नळीने वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सोडायचा. 100 किलो क्लोरीन मुरवायला साधारण 125 किलो कॉस्टिक लागतं. एवढं कॉस्टिक रात्री दोन वाजता कुठून आणायचं, याचं उत्तर आधीच कागदावर लिहिलेलं असावं लागतं.

'जवानांकडे मास्क असतात ना?' असतात, पण सगळे मास्क सारखे नसतात. डबीचा मास्क हवा फक्त गाळतो, प्राणवायू देत नाही, आणि दाट ढगात त्याची डबी लगेच निकामी होते. क्लोरीनचं प्रमाण 10 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अवघे दहा भाग झालं, की ते जिवावर बेतणारं मानतात. तिथे पाठीवर हवेची टाकी असलेला बीए सेटच हवा. 6 लिटरच्या टाकीत 300 बार दाबाने सुमारे 1800 लिटर हवा बसते. कागदावर 45 मिनिटं. जड काम करताना अर्धा तासही पुरत नाही, आणि त्यातच परतीची वाट धरायची असते. दाढी वाढलेली असेल तर मास्कची कड चेहऱ्याला चिकटत नाही, ही गोष्ट हसण्यावारी नेली जाते. आगीचा जाड कोट वायू अडवत नाही. दाट ढगात अंगभर बंद, वायुरोधी पोशाख लागतो. तोंडाला ओला रुमाल बांधून आत शिरणारा जवान बातमीत शूर ठरतो. प्रत्यक्षात तो पुढच्या जोडीचं काम वाढवतो.

एप्रिल 2024 मध्ये विरारमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार कामगार गेले. अशा घटनांत बहुधा एक आत कोसळतो आणि बाकीचे त्याला काढायला उतरतात. तिथला वायू सिलिंडरमधला नव्हता, पण मरणाची साखळी तीच.

'वास येत नाही, म्हणजे धोका नाही' हे क्लोरीनच्या बाबतीत थोडंफार खरं, कारण तो फार कमी प्रमाणातही नाकाला झोंबतो. उलट अडचण अशी की विहिरीत टाकायच्या टीसीएल पावडरमुळे तो वास आपल्या ओळखीचा आहे, म्हणून लोक बघायला पुढे येतात. हायड्रोजन सल्फाइड मात्र जास्त झाला की नाकच बधिर करतो. नायट्रोजनला वासच नाही. तो विषारीही नाही, फक्त प्राणवायूची जागा घेतो. ऑगस्ट 2025 मध्ये तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या गळतीत चार कामगारांचा जीव गेला; ती गळती नायट्रोजनचीच असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं.

'गळती झाली की पळत सुटा, जितकं लांब तितकं बरं.' कुठल्या दिशेने? क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड. तो जमिनीलगत सरपटतो, चर, विहिरी, बावखळांचे खळगे भरतो. भुईगावात दिवसा वारा समुद्रावरून गावाकडे येतो, रात्री बहुधा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे. त्यामुळे दुपारच्या गळतीत वस्तीकडे धावणारा माणूस ढगाच्या सोबतच धावतो. सुरूच्या शेंड्यांकडे, होडीवरच्या झेंड्याकडे बघायचं आणि वाऱ्याला आडवं निघायचं: किनाऱ्याला समांतर, कळंबच्या नाहीतर रानगावच्या बाजूला. ढग दाराशी आलाच असेल तर घरात, वरच्या मजल्यावर, दारंखिडक्या बंद, एसी बंद, फटींना ओले कपडे. रात्री हवा स्थिर असते आणि ढग पातळ व्हायला वेळ लागतो; म्हणून क्लोरीनसाठी रात्री मोकळं करायचं अंतर दिवसाच्या तीन-चार पट धरतात.

अमोनियाचं गणित निराळं. तो हवेहून हलका, पाण्यात भरभर विरघळणारा, त्यामुळे तिथे फवाऱ्याचा पडदा खरंच कामाचा. सांडलेल्या द्रवावर मात्र पाणी ओतायचं नाही, तो उसळून उकळतो. सुरुवातीला थंडगार धुक्यासारखा तोही खालीच राहतो. क्लोरीनची सवय अमोनियाला लावली किंवा उलट केलं, की घोटाळा. म्हणून 101 ला फोन करणाऱ्याने आधी सिलिंडरचा रंग, त्यावरचं नाव किंवा आकडा (क्लोरीनचा 1017, अमोनियाचा 1005) आणि वारा कुठे वाहतोय ते सांगितलं, तर गाडी कुठल्या रस्त्याने आणायची हेही ठरवता येतं.

शेवटचा समज दवाखान्यातला: खोकला थांबला, आता घरी जाऊ द्या. क्लोरीनवर उतारा नाही. प्राणवायू, विश्रांती आणि डोळे-कातडी भरपूर पाण्याने धुणं एवढंच हाती असतं. फुफ्फुसांत पाणी साठायला कधीकधी काही तास लागतात, म्हणून ज्याला जास्त वायू लागला त्याला दिवसभर देखरेखीखाली ठेवतात. आणि यात सर्वांत आधी निसटतो तो जवानच. पाळी संपते, गाडी धुवायची असते, होज वाळत घालायचे असतात, आणि छातीत थोडं जड वाटतंय हे तो दुसऱ्या दिवशी सांगतो.