बाळंतपणाला जिवाभावाची मैत्रीण

मंडळी, आपल्या गावची एक लेक उज्जैनला फ्रीगंजात दिलीय. सातव्या महिन्यात तिचं बीपी वाढलं. माहेर लांब, आई आजारी, भाऊ बोटीवर. मग तिची लहानपणची मैत्रीण इथून गाडीत बसली नि दोन महिने तिच्यापाशी राहिली.

केलं काय तिनं? रोज बीपी मोजून वहीत लिहिलं. सासू म्हणायची, सूज सगळ्यांनाच येते. पावलांना येते, खरंय; पण तोंडाहातावर आली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट बघायची नसते. एका रात्री तसंच झालं. बीपी १६०/११०. मैत्रिणीनं कुणाला विचारलं नाही, सरळ १०८ बोलावली. सिझेरियन झालं, बाळ कमी वजनाचं, पण दोघं सुखरूप.

सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी एक बाई सोबत ठेवता येते. २०१६ पासून केंद्राचीच तशी सूचना आहे. फक्त सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली असावी. आपल्याकडे कितीजणींना हे ठाऊक आहे? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सिझेरियन, औषधं, रक्त, गाडी सगळं फुकट. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तीही चुकवू नका.

बोटमालकांनो, ज्या खलाशाच्या घरी दिवस भरत आलेत, त्याला लांबच्या फेरीला नेऊ नका. न्यावंच लागलं, तर सोबत कोण थांबणार, गाडी कुणाची, रक्त कोण देणार, हे बर्फ-डिझेल भरायच्या आधी ठरवा.