अंगठ्याचं हाड बाहेर आलंय, ऑपरेशन करायचं का? संशोधन वाचायचं कसं, ते या प्रश्नातून शिकूया



पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करताना 'कंट्रोल ग्रुप', 'फॉलो-अप' हे शब्द आपण पाठ करतो. आज ते एका साध्या दुखण्यावर लावून बघू.

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठीसारखा उंचवटा येतो आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकतो. इंग्रजीत याला बनियन म्हणतात (अंगातल्या बनियनशी संबंध नाही!), शास्त्रीय नाव हॅलक्स व्हॅल्गस. एक्स-रेमध्ये अंगठ्याचा कोन १५ अंशांपेक्षा जास्त भरला की सहसा हे निदान करतात. 'हाड वाढलंय' असं लोक म्हणतात, पण मुख्यतः अंगठ्यामागचं लांब हाड आतल्या बाजूला सरकलेलं असतं आणि त्याचं टोक बाहेर दिसतं.

दोष चपलेचा का?

१९५८ मध्ये हाँगकाँगच्या एका अभ्यासात बूट घालणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांत हा दोष आढळला, अनवाणी राहणाऱ्यांत फक्त १.९ टक्के. म्हणजे बूटच कारण? थांबा. अनवाणी गटातले बरेच जण होड्यांवर राहणारे होते. त्यांचं काम, राहणीमान सगळंच वेगळं. शिवाय अनवाणी लोकांतही दोष सापडलाच, आणि तो घराण्यात चालत येतो हेही माहीत आहे. म्हणून नेमकं विधान असं: अरुंद पादत्राणं धोका वाढवतात, पण एकमेव कारण नाहीत.

ऑपरेशनशिवाय काय?

पुढून रुंद, कमी टाचेची चप्पल किंवा बूट, उंचवट्यावर मऊ पॅड, बुटात इनसोल, गरजेपुरतं वेदनाशामक. यानं दुखणं कमी होऊ शकतं. पण मोठ्या माणसाचा वाकलेला अंगठा पट्ट्या बांधून कायमचा सरळ होतो, याला भक्कम पुरावा नाही.

आता मुख्य ट्रायल

२००१ मध्ये फिनलंडमधल्या २०९ रुग्णांवरची ट्रायल प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले: ऑपरेशन, इनसोल, आणि नुसतं थांबणं. ६ महिन्यांनी ऑपरेशन आणि इनसोल, दोन्ही गटांचं दुखणं थांबलेल्या गटापेक्षा कमी झालं होतं. १२ महिन्यांनी मात्र ऑपरेशनचाच फायदा टिकला. अभ्यास सहाव्या महिन्यात थांबला असता तर इनसोलबद्दल आपण काय लिहिलं असतं? फॉलो-अप किती ठेवायचा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

तो निष्कर्ष डोंगरकड्यात लागू होतो का?

ऑपरेशनमध्ये हाड कापून, सरळ करून स्क्रूनं बसवतात. त्यानंतर साधारण सहा आठवडे खास चप्पल घालून टाचेवर भार देत चालावं लागतं, सूज कित्येक महिने राहू शकते, आणि काहींचा दोष परत येतो. फिनलंडमध्ये आजारपणात भत्ता मिळतो. आपल्या कळमनुरी तालुक्यात हळद काढायला रोजानं जाणाऱ्या बाईचा तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो, आणि ओल्या मातीत जखम जपणं सोपं नाही. ट्रायल खोटी ठरत नाही, पण तिच्यासाठी हिशोब बदलतो. संशोधनात यालाच बाह्य वैधता म्हणतात.

मग तिला सांगायचं काय? नुसतं दिसायला वाईट म्हणून ऑपरेशन नको. आधी रुंद चप्पल आणि पॅड वापरून बघावं. तरीही रोजचं चालणं, काम अडत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावं आणि तारीख हंगामानंतरची मागावी. मधुमेह असेल, बधिरपणा असेल किंवा उंचवट्यावर जखम झाली असेल तर मात्र हंगामाची वाट बघू नये, लगेच दाखवावं.

तुमच्यासाठी गृहपाठ: हीच ट्रायल हिंगोली जिल्ह्यात करायची ठरली, तर दुखण्यासोबत अजून काय मोजाल? मी पहिल्यांदा 'कामावर परतायला लागलेले दिवस' लिहीन. तुमची यादी करा आणि प्रत्येक गोष्ट कशी मोजणार तेही पुढे लिहा. सिनॉप्सिसमधली उद्दिष्टं अशीच तयार होतात.