गोरखचिंचेचे माहेर

इंदूरकर मंडळी पावसाळ्यात मांडूला जातात ती जहाजमहाल पाहावयास. आमचे पाऊल मात्र दर खेपेस अडते ते वाटेवरच्या गोरखचिंचेपाशी. हत्तीच्या कातडीसारखी राखी साल, चौघांच्या कवेत न मावणारा बुंधा आणि त्या मानाने आखूड, वेड्यावाकड्या फांद्या! हैदराबादच्या वाचकांनी गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातील हिची जातभगिनी पाहिली असेल. तिचा घेर सुमारे २७ मीटर असून पोकळ खोडात माणसे सहज शिरतात.

मांडूत हिला ‘खुरासानी इमली’ म्हणतात. नावावरून माहेर इराणकडचे वाटावे. पण हा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. तो तेथील कोणत्या किनाऱ्यावरून आणि किती वेळा आला, हे बुंधा सांगत नाही. आकारावरून वयाची खात्री देता येत नाही, आणि खोड पोकळ झाल्यावर वर्तुळे मोजण्याची सोयही राहत नाही.

तेव्हा शास्त्रज्ञांनी वृक्षाच्या आनुवंशिक द्रव्यालाच साक्षीस बोलाविले. कॅरेन बेल, हरिप्रिया रंगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिका, भारत, मॉरिशसकडील बेटे व मलेशिया येथील झाडे तपासून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डीएनएमध्ये काही ठिकाणी अक्षरांचा लहानसा गट जपाप्रमाणे पुनःपुन्हा येतो. तो किती वेळा यावा, हे आईबापांकडून संततीत उतरते. अशी १० स्थाने ताडून पाहिली की झाडांचे गोत्र जुळविता येते.

पश्चिम व मध्य भारतातील वृक्षांचे सर्वांत जवळचे नाते मोंबासा ते दारेसलाम या किनाऱ्याशी निघाले. आग्नेय भारतातील झाडे मात्र पश्चिम आफ्रिकेच्या गोत्राची. ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय वसाहतींच्या दळणवळणातून आली असावीत. म्हणजे हे आगमन एकदाच झालेले नाही. ते पूर्वी समजत होते त्याहून दीर्घ काळ चालू होते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. भारतीय वृक्षांतील विविधता आफ्रिकेपेक्षा कमी असली, तरी तपासलेल्या आफ्रिकी झाडांत न आढळलेली काही जनुकरूपे येथे सापडली. म्हणून इकडचा एखादा जुना वृक्ष तोडला गेला, तर आफ्रिकेतून नवे बी आणून ती हानी भरून निघेलच असे नाही.

परमुलखातून येऊन येथलेच झालेल्यांचे हे मोल आपल्या घरांना निराळे समजावून सांगावयास नको. पुढल्या मांडूच्या सहलीत मुलांना महालांइतकाच वेळ या वृक्षांपाशीही थांबू द्यावे, एवढीच आमची विनंती.