भोक भरायचं कशानं?

भिंतीतला खिळा उपसला की मागे भोक उरतं, आणि ते बुजवायला आधी आठवतं प्लास्टर ऑफ पॅरिस. जिप्सम साधारण 150 अंश सेल्सिअसला तापवून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की ही पांढरी पूड मिळते. पाणी परत मिळताच काही मिनिटांत तिचं पुन्हा जिप्सम होतं. घट्ट होताना ती आक्रसत नाही, उलट किंचित फुगते, म्हणून कोरड्या भिंतीत गच्च बसते. पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर मात्र तिचा निभाव लागत नाही. तिथे व्हाइट सिमेंटची पुट्टी हवी. ॲक्रिलिक पुट्टी पाणी उडून सुकते, म्हणजेच आकसते. खोल भोकात ती एकदम कोंबली की भेग ठरलेली.

लाकडाची तऱ्हाच निराळी. पावसाळ्यात दार फुगून अडकतं, उन्हाळ्यात फट पडते. या हालचालीत ठिसूळ प्लास्टर सुटून येतं. खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची जुनी लांबी इथे सरस ठरते: हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि बराच काळ थोडं लवचीक राहतं.

भुसा आणि फेव्हिकॉलचा सुतारी लगदा ऑइलपेंटखाली खपून जातो. पॉलिशखाली नाही. वाळलेला गोंद रंग शोषत नाही, ठिपका उठून दिसतो.

बिजागरीचा स्क्रू सैल झाला असेल, तर पुट्टीचा काही उपयोग नाही. गोंदात बुडवलेल्या बांबूच्या काड्या भोकात ठोकाव्यात. स्क्रूचे आटे त्यांत पकड घेतात.