गादी कुणाची, झोप कुणाची?

रोह्याला आईकडे मुक्काम असला की सकाळचा पहिला चहा तिच्या हातचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या वैशाखात अशीच गेले होते. पहाटे साडेपाचला कसल्याशा आवाजानं जाग आली. पाहिलं तर आई जमिनीवरच्या चटईवरून उठायची खटपट करत होती. आधी कुशीवर वळली, मग एक हात टेकला, मग गुडघ्यांवर आली आणि शेवटी पलंगाचा आधार घेऊन उभी राहिली. यात सहज दोन-तीन मिनिटं गेली. ज्या पलंगाला धरून ती उठली, त्यावर चांगली आठ इंची नवी गादी रिकामी पडलेली होती.

"अगं, एवढी गादी असताना खाली का झोपतेस?" मी विचारलं.

"मला खालीच बरं वाटतं. त्या गादीत मी रुतते. कूस बदलायची तर कुणीतरी हात द्यावा लागेल."

चहा पिताना दुसरी गोष्ट कळली. संध्याकाळी सातनंतर आई पाणीच पीत नव्हती. रात्री उठायला लागू नये म्हणून! रोह्याचा तो उकाडा, तिचं वय शहात्तर, आणि घोटभर पाण्याला ती मुकत होती. ती गादी मी आणि दादानं तिच्या पंचाहत्तरीला मोठ्या हौसेनं घेतली होती. दुकानात आम्ही गेलो, हातानं दाबून आम्ही पाहिली, भाव आम्ही केला. झोपायचं होतं तिला, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्या घरांतून हे नेहमीचंच आहे. लग्नात पलंग-गादी द्यायची ती दिसायला भारदस्त. पाहुण्यांसाठी नवी गादी माळ्यावर जपून ठेवायची आणि बसून बसून खड्डा पडलेली जुनी गादी आजी-आजोबांच्या वाट्याला जायची. साडी घेताना आपण चार दुकानं पालथी घालतो, चप्पल पायात घालून दोन पावलं चालून पाहतो. आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा जिच्यावर जातो, ती गादी मात्र दुसऱ्यानं हातानं दाबून पसंत केलेली असते.

मापाची गादी

आमच्या लहानपणी असं नव्हतं. दिवाळीनंतर पिंजारी दारावर यायचा. धनुकलीच्या तारेचा तो टणत्कार गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा. अंगणात जुन्या गाद्या उसवल्या जायच्या, गोळे झालेला कापूस पिंजून निघायचा आणि ढगासारखा ढीग व्हायचा. मग गादीपाटाच्या खोळीत तो भरताना पिंजारी विचारायचा, "ही कुणाची?" आजोबांची असेल तर कापूस ठासून, आजीची असेल तर जरा सैल. वरून दोऱ्याचे टाके. गादी माणसासाठी बनायची, माणूस समोर असताना बनायची. उशांत सावरीचा कापूस. आपल्या डोंगरांत फाल्गुनात लालभडक फुलणाऱ्या काटेसावरीची बोंडं पुढे उन्हाळ्यात फुटतात, त्यांतला तो हलका, रेशमी कापूस.

कापसाच्या गादीचे गुण आजही खरे आहेत. ती घाम शोषते, तापत नाही आणि दुरुस्त करता येते. पण आपल्या हवेत तिचा एक मोठा दोष आहे. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात कापूस हवेतलं पाणी ओढून घेतो, गादी जड होते, तिला कुबट वास येतो. धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे अशाच दमटपणावर वाढतात. घरातल्या धुळीनं होणाऱ्या ॲलर्जीच्या मुळाशी हे किडे आहेत, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिलं. घरात कुणाला दमा किंवा सकाळच्या शिंका असतील तर गादीकडे आधी पाहायला हवं.

पेणला मे महिन्यात गच्चीगच्चीवर पोह्याचे पापड आणि मिरगुंडं वाळत घातलेली असतात. त्यांच्या शेजारी गाद्या पडलेल्या असायच्या, ती केवळ रीत नव्हती. कडक ऊन गादीतला ओलावा काढतं आणि किड्यांना तेच मानवत नाही. फक्त एक लक्षात ठेवावं : भर उन्हात ठेवायची ती कापसाची गादी. फोम किंवा रबराची गादी तशी ठेवली तर पिवळी पडून भुगा होऊ लागते. तिला सावलीत, वाऱ्यावर उभी करावी. अभ्रे आणि चादरी मात्र सर्वांच्याच, अधूनमधून चांगल्या कढत पाण्यात धुवाव्यात.

काथ्या, फोम आणि स्प्रिंग

आज दुकानात तीन-चार प्रकार समोर येतात. पहिला काथ्याचा. नारळाच्या सोडणातले तंतू पिळून, त्यांवर रबराचा चीक फवारून त्यांचे थर दाबतात. ही गादी कडक असते आणि तिच्यातून हवा खेळते, म्हणून आपल्या दमट किनाऱ्याला ती मानवते. पण नुसता काथ्या हाडकुळ्या माणसाला टोचल्यासारखा लागतो आणि काही वर्षांनी मधोमध बसतो.

दुसरा फोम. ज्या पॉलियुरेथेनपासून तो बनतो, त्याचा शोध जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये लावला. इथे दुकानदार 'बत्तीस डेन्सिटी', 'चाळीस डेन्सिटी' असे आकडे सांगतो आणि आपण मान डोलावतो. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. त्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो, ती कडक की मऊ हे कळत नाही. चाळीसचा फोम मऊ असू शकतो आणि त्याहून कमी आकड्याचा कडक. तेव्हा दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात.

मेमरी फोम १९६६ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या, 'नासा'च्या कामातून जन्माला आला. अंगाच्या उबेनं तो मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो. थंड प्रदेशात हे सुखाचं, पण पंखाच चालणाऱ्या खोलीत मे महिन्यात तोच फोम तापतो. शिवाय त्यात रुतलेल्या म्हाताऱ्या माणसाला कूस बदलणं जड जातं. आमच्या आईचं तेच झालं होतं.

स्प्रिंगच्या गादीत हवा खेळते, पण स्प्रिंगा एकमेकींना जोडलेल्या असल्या तर शेजारी कुणी हललं की आपणही हलतो. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असेल तर हा त्रास कमी.

फळीवर झोपा?

पाठ दुखते म्हटलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला : "फळीवर झोप." मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्या काळात वडखळवरून रोज ये-जा करणाऱ्यांच्या पाठींना हा सल्ला किती वेळा मिळाला असेल! हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतींवर वाकून दिवस दिवस रंगकाम करणारे कारागीर, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून दिवसा झोपणारे कामगार, यांनाही तोच.

या सल्ल्याची एकदा नीट परीक्षा झाली. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ जुन्या रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कडक गाद्या दिल्या, निम्म्यांना मध्यम कडक. कुणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. नव्वद दिवसांनी पाहिलं तर मध्यम कडक गादीवाल्यांची अंथरुणातली आणि उठतानाची दुखणी अधिक कमी झाली होती. म्हणजे खड्ड्यात झोपणं वाईट हे खरं, पण म्हणून दगडावर झोपणं चांगलं असं नव्हे.

'ऑर्थोपेडिक' हा गादीवरचा शब्दही जपूनच वाचावा. तो बनवणाऱ्यानं दिलेला असतो, आपल्या डॉक्टरनं नव्हे. आणि गादी हे औषधही नव्हे. पायात मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल किंवा दुखण्यानं रोज रात्री झोपमोड होत असेल, तर दुकानाआधी दवाखाना गाठावा.

आपण झोपतो कसे?

मग निवडायचं कसं? आधी आपण कसे झोपतो ते पाहावं, म्हणजे घरच्यांना विचारावं. त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर येतं. गादीनं तिथे थोडी वाट द्यावी आणि मधला कमरेचा खळगा भरून काढावा. त्याला मध्यम, किंचित मऊ गादी बरी. उशी खांद्यापासून कानापर्यंतची जागा भरेल इतकी उंच असावी. पाठीवर झोपणाऱ्यासाठी सोपी परीक्षा आहे. उताणं पडून कमरेखाली हात सरकवावा. हात सैल फिरला तर गादी फार कडक, अजिबात शिरला नाही तर फार मऊ, जरा दाबून शिरला तर ठीक. पालथं झोपणाऱ्यानं कडक गादी आणि अगदी पातळ उशी घ्यावी. जमलं तर सवयच बदलावी, कारण रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते.

अंगाचं वजनही पाहावं. जी गादी पंचेचाळीस किलोच्या बाईला पाटासारखी लागते, तीच नव्वद किलोच्या माणसाखाली झोळी होते. म्हणून नवरा-बायकोच्या वजनात फरक असेल तर एक मोठी गादी घेण्यापेक्षा सहा बाय तीनच्या दोन वेगळ्या गाद्या शेजारी घालून वर एकच चादर अंथरावी. यात कमीपणा काही नाही, दोघांची झोप मात्र होते.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याची जागा सपाट आणि घट्ट असावी, त्याला उताणं निजवावं आणि उशी देऊ नये. मऊ गादीत तोंड रुतलं तर बाळाला वळता येत नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर हवेच्या गादीचा उपयोग होतो. पण तिच्या भरवशावर राहू नये, दर दोन तासांनी कूस बदलून द्यावीच लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात.

पलंगाकडेही पाहावं. खाली सामान ठेवायच्या पेटीच्या पलंगात हवा शिरत नाही, पावसाळ्यात गादीच्या तळाला बुरशी धरते. फळीला भोकं पाडून घ्यावीत. घरात आहे ती गादी बदलायची वेळ झाली का, हे पाहायला पडद्याची दांडी गादीवर आडवी ठेवावी. मधे इंचाहून जास्त फट दिसली तर गादीचे दिवस भरले.

"आजी, झोपून बघा"

पावसाळ्याआधी आईला घेऊन मी पेणच्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "आजी, झोपून बघा." आई संकोचली. चारचौघांत, परक्या पुरुषांसमोर आडवं कसं व्हायचं? ती नुसती कडेला टेकली आणि म्हणाली, "चांगली आहे, घेऊन टाक." मी हट्टच धरला. दुकानदारही समजूतदार. गिऱ्हाईकं पुढच्या बाजूला थांबवून ते स्वतःही बाहेर जाऊन उभे राहिले. मग आई पदर सावरून आडवी झाली. एकीवर दहा मिनिटं, दुसरीवर दहा मिनिटं. कूस बदलली, उठली, परत पडली. तिसऱ्या गादीवर म्हणाली, "हिच्यावर मला माझं मला वळता येतं."

ती निघाली काथ्याची, वर दोन इंच फोम असलेली, एकूण पाच इंचांची आणि आमच्या भेटीच्या गादीपेक्षा बरीच स्वस्त. घरी आणल्यावर पलंगासकट उंची मोजली. कडेला बसल्यावर पावलं जमिनीला पुरती टेकतात आणि गुडघे काटकोनात राहतात. जमिनीवरून उठण्याचा प्रश्नच संपला. जुनी जाड गादी दादाकडे गेली. त्याला ती मानवली. तिचा दोष नव्हताच, ती आईची नव्हती इतकंच.

आता रात्री आईच्या उशाशी तांब्या-भांडं असतं आणि ती पाणी पिते. एकदा-दोनदा उठावं लागतं, पण ती आपली आपण उठते.

आज रविवार आहे, सगळे घरात असतील. जेवणं झाल्यावर घरातल्या प्रत्येकाच्या अंथरुणावर पाच मिनिटं पडून पाहा. विशेषतः ज्यांनी कधी तक्रार केली नाही, त्यांच्या.