एक कोळी, सात ग्रंथी

कोळी एकाच प्रकारच्या धाग्याने सगळे जाळे विणतो, असा आपला समज असतो. एखादे वर्तुळाकार जाळे सापडले तर मुलांना त्यावर हलकेच बोट टेकवून पाहू द्या. चाकाच्या आऱ्यांसारखे धागे बोटाला चिकटत नाहीत. त्यांच्यावरून गोल गोल फिरणारा धागा चिकटतो आणि ताणलाही जातो. भक्ष्याला गुंडाळण्याचे रेशीम आणखी निराळे, अंड्यांच्या कोशाचे त्याहून निराळे. असे जाळे विणणाऱ्या मादीच्या पोटात साधारणपणे सात प्रकारच्या ग्रंथी असतात, चिकट द्रव तयार करणारी ग्रंथी धरून.

या सर्व ग्रंथींच्या पेशींत जनुकांचा संच मात्र एकच. आपल्या त्वचेच्या पेशीतही इन्सुलिनचे जनुक असते, पण ती पेशी इन्सुलिन तयार करत नाही. जनुकाची आर.एन.ए. प्रत निघाली आणि तिच्या आधारे प्रथिन बनले, तरच ते जनुक व्यक्त झाले असे म्हणायचे. कोशाचे रेशीम करणारी ग्रंथी प्रौढ मादीतच कामाला लागते. नराच्या पेशींतही तेच जनुक असते, पण मुके.

येथपर्यंतचे पाठ्यपुस्तकात सापडेल. पण जनुक 'चालू' झाले की काम झाले, अशी मुलांची (आणि पुष्कळदा आपलीही) समजूत होते, ती मात्र अपुरी आहे. आऱ्यांच्या धाग्यातील प्रथिनात ग्लायसिन आणि ॲलॅनिन ही दोनच अमिनो आम्ले निम्म्याहून अधिक असतात. अमिनो आम्ल जागेवर आणून देणारे हमाल म्हणजे टी-आर.एन.ए.; प्रत्येक आम्लाचे हमाल वेगळे. हजारो ग्लायसिन हवेत आणि हमाल मोजकेच, तर प्रथिनाची साखळी अर्ध्यावर अडणारच.

कोळ्याने यावर काय केले आहे? पोर्तो रिकोमध्ये ग्रासिएला कांडेलास यांच्या गटाने अमेरिकेतील नेफिला क्लॅव्हिपेस (आताचे नाव ट्रायकोनेफिला क्लॅव्हिपेस) या कोळ्याचा धागा ओढून ग्रंथी रिकामी केली. ग्रंथी लगेच नव्या उत्पादनाच्या तयारीला लागली. पण रेशमाच्या प्रथिनाचे उत्पादन वाढण्याआधी वाढले ते ॲलॅनिन व ग्लायसिनचे टी-आर.एन.ए. आधी हमालांची भरती, मग माल! ॲलॅनिनचा एक टी-आर.एन.ए. तर रेशीमग्रंथीचा खास असल्याचे त्यांनी १९९० मध्ये दाखवले.

याचा उपयोग पुढे झाला. कोळ्याचे जनुक जिवाणूत घातले तरी लांब प्रथिन नीट बनत नसे. २०१० मध्ये दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जिवाणूत ग्लायसिनच्या टी-आर.एन.ए.चा साठा वाढवला, तेव्हा कोठे सुमारे २८५ किलोडाल्टनचे, कोळ्याच्या प्रथिनाएवढे मोठे प्रथिन हाती आले.

फळ्यावर आपण 'ग्रंथी आणि तिचे प्रथिन' असा नीटनेटका तक्ता काढतो. सुरुवातीला तो बरा, पण पाठ करून घेऊ नये. २०१७ मध्ये याच कोळ्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा रेशीमप्रथिनांची २८ जनुके मिळाली. त्यांतील काही एकाहून अधिक ग्रंथींत व्यक्त होतात. एक जनुक तर, जे चिकट धाग्याच्या जनुकाचे भावंड आहे, सर्वांत जास्त व्यक्त होते ते विषग्रंथीत.